बाकावर कोण बसलंय?

भारतीय हॉकी संघ हरला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: हरमनप्रीत कुठे होता? नोव्हेंबरच्या शेवटी मलेशियातल्या इपोहमध्ये सुलतान अझलान शाह कपच्या फायनलला आपण बेल्जियमकडून ०-१ हरलो, तेव्हाही आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर दहा मिनिटांच्या आत हा प्रश्न येऊन पडला. उत्तर सोपं होतं. तो तिथे नव्हताच. मनप्रीतही नव्हता. कॅप्टन होता संजय. गोलकीपर म्हणून पवन आणि मोहित गेले होते, फॉरवर्ड लाइनमध्ये आपला आदित्य अर्जुन लालगे होता. म्हणजे एरवी बाकावर किंवा बाकाच्याही मागे असणारी बरीचशी मंडळी यावेळी मैदानात होती.

हे कळल्यावर दुसरा प्रश्न आला, थोडा चिडून विचारलेला. मग ही बी टीम पाठवलीच कशाला?

मला हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण पुढच्या वर्षी १५ ते ३० ऑगस्टदरम्यान नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये विश्वचषक आहे, आणि १९ सप्टेंबरपासून जपानमध्ये आयची-नागोयाला एशियन गेम्स. दोन्हींच्या मध्ये जेमतेम तीन आठवडे. एशियन गेम्सचं सुवर्ण जिंकणाऱ्याला २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकचं थेट तिकीट मिळतं. सलग दोन स्पर्धा, दोन्ही अति-महत्त्वाच्या. अकरा जणांच्या जिवावर यातली एकही निघणार नाही. तेव्हा संघाच्या यादीत बारा ते अठरा नंबरवर कोण आहे आणि त्याला नेमकं काम काय दिलंय, हे आतापासून बघायला हवं. आपण फॅन्स मात्र अजून कॅप्टनने किती गोल मारले एवढंच मोजतोय.

बारावा गडी पाणी नेत नाही

आपण पडलो क्रिकेटवर वाढलेली माणसं. ‘बारावा गडी’ म्हटलं की डोळ्यांसमोर हातात पाण्याच्या बाटल्या, काखेत ग्लव्हज घेऊन पळणारा पोरगा येतो. फुटबॉलवाल्यांच्या डोक्यात सत्तराव्या मिनिटाला उतरणारा ताज्या दमाचा खेळाडू असतो. हॉकीत यातलं काहीच लागू होत नाही. इथे बदली खेळाडूंना मोजमाप नाही. कोणीही कितीही वेळा बाहेर येऊ शकतो, पुन्हा आत जाऊ शकतो. खेळ थांबवायचा नाही, अंपायरला विचारायचं नाही. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर असतात आणि फॉरवर्ड, मिडफिल्डर काही मिनिटं जीव तोडून पळतात, बाहेर येतात, श्वास घेतात, परत आत. टीव्हीवर सामना बघताना कॅमेरा चेंडूमागे असतो म्हणून आपल्याला ही ये-जा दिसत नाही. स्टेडियममध्ये बसलात तर अर्धा वेळ नजर तिकडेच जाते.

तर ‘बेंच’ हा शब्दच हॉकीत फसवा आहे. सुरुवातीच्या अकरांत नसलेला खेळाडूही सामन्यात चांगला घाम गाळतो.

आता या नियमातली एक मेख सांगते. पेनल्टी कॉर्नर मिळाला की तो पूर्ण होईपर्यंत बदली करता येत नाही. (गोलकीपर जखमी झाला वगैरे अपवाद सोडा.) म्हणजे समजा हरमनप्रीत दोन मिनिटं दम खायला बाहेर बसलाय आणि नेमका तेव्हाच आपल्याला पेनल्टी कॉर्नर मिळाला, तर जगातला सगळ्यात भारी ड्रॅग-फ्लिकर बाकावर बसून बघत राहणार. त्याला आत आणता येत नाही. त्या क्षणी मैदानात दुसरा कोण फ्लिकर आहे, यावर गोल ठरतो.

‘हरमनप्रीत असताना जुगराजची गरज काय’ ही आमच्याकडची आवडती पोस्ट आहे. उत्तर या नियमात आहे. साठच्या साठ मिनिटं कोणीच खेळत नाही. कॅप्टनही नाही.

शिवाय पेनल्टी कॉर्नर एकट्याचा नसतो. एकजण बेसलाइनवरून चेंडू आत ढकलतो, एकजण डीच्या टोकाशी तो थांबवतो, मग फ्लिकर ओढून मारतो. पहिले दोघे थकलेले असतील, चेंडू वीतभर इकडे-तिकडे आला, तर फ्लिक गेली समोरून धावत येणाऱ्याच्या अंगावर. स्कोअरकार्डवर मात्र एकच नाव छापलं जातं. आपणही तेच वाचतो आणि त्यावरच भांडतो.

टोकियोचे दोन गोल

ऑगस्ट २०२१. ४१ वर्षांनी मिळालेलं ऑलिम्पिक पदक. जर्मनीविरुद्ध १-३ असे मागे पडून आपण ५-४ जिंकलो. यातलं तुम्हाला काय आठवतं? श्रीजेशने शेवटच्या सेकंदांत अडवलेला पेनल्टी कॉर्नर आणि मग तो गोलपोस्टवर चढून बसला तो फोटो. बरोबर. आता सांगा, त्या पाचपैकी दोन गोल कोणाचे?

सिमरनजीत सिंगचे. आणि सिमरनजीत मूळ सोळा जणांत नव्हताच. तो राखीव होता. कोरोनामुळे त्या ऑलिम्पिकपुरता नियम बदलला, राखीव खेळाडूंनाही संघात धरायला आणि सामन्यागणिक सोळा निवडायला परवानगी मिळाली, म्हणून त्याला खेळता आलं. महामारी नसती तर पदकाच्या सामन्यात पहिला आणि शेवटचा असे दोन गोल मारणारा हा माणूस बाहेर बसून टाळ्या वाजवत असता. पॅरिसच्या संघात त्याचं नाव नव्हतं. खेळात असं होतंच, त्यावर रडगाणं नको. पण ‘राखीव म्हणजे कमी दर्जाचा’ असं कोणी म्हणालं तर त्याला हा स्कोअर दाखवा.

याच्या उलट उदाहरण दीड वर्षाने घडलं, आपल्याच घरात. जानेवारी २०२३, ओडिशातला विश्वचषक. इंग्लंडविरुद्धच्या दुसऱ्याच सामन्यात हार्दिक सिंगच्या मांडीचा स्नायू दुखावला आणि तो स्पर्धेबाहेर गेला. तोवर मिडफिल्डचा सगळा डोलारा हार्दिकच्या पळण्यावर उभा होता. त्याच्या जागी राखीव राजकुमार पालला घेतलं, पण असा मध्येच आलेला माणूस एका आठवड्यात हार्दिक होत नाही. न्यूझीलंडविरुद्ध ३-१ ने पुढे असताना आपण ३-३ वर आलो आणि शूटआउटमध्ये हरलो. क्वार्टर फायनलही गाठता आली नाही. नववा नंबर, तोही विभागून.

त्या शूटआउटमधली एक गोष्ट फारशी कोणी बोलत नाही. श्रीजेश मध्येच जखमी झाला आणि सडन डेथला कृष्ण पाठकला उतरावं लागलं. विश्वचषकातून बाहेर जायचं की राहायचं ते ठरवणारे शॉट, आणि तुम्ही थंड अंगाने बाकावरून उठून थेट गोलमध्ये! दुसऱ्या दिवशी सोशल मीडियावर त्याच्यावर काय काय मीम आले ते मी इथे लिहीत नाही.

त्या विश्वचषकासाठी राखीव म्हणून दोन नावं होती: राजकुमार पाल आणि जुगराज सिंग. ही दोन नावं लक्षात ठेवा.

पॅरिसचं गणित

आता पॅरिस २०२४. इथे आकडे बघण्यासारखे आहेत. आठ सामन्यांत भारताने १५ गोल केले. त्यातले १० एकट्या हरमनप्रीतचे. तो अख्ख्या स्पर्धेत सगळ्यात जास्त गोल करणारा खेळाडू ठरला. उरलेले पाच: अभिषेकचे दोन, मनदीप, विवेक सागर आणि सुखजीतचा एकेक. ‘एकखांबी तंबू’ म्हणणाऱ्यांना याहून चांगला पुरावा मिळणार नाही, आणि मी तो नाकारतही नाही. एवढ्या मोठ्या स्पर्धेत तीनातले दोन गोल एकाच्या स्टिकवरून येणं ही काळजीचीच गोष्ट आहे. त्याचं बोट दुखावलं तर काय, हा प्रश्न त्यातच लपलेला होता. वर्षभरात तो खराच झाला, त्याकडे येतेच.

पण गोल सोडून बाकीचं पॅरिस बघा. ब्रिटनविरुद्धची क्वार्टर फायनल. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला रेड कार्ड. पुढची ४० हून जास्त मिनिटं आपण दहा जणांनी काढली. १-१. शूटआउटमध्ये ४-२. त्या दिवशी मनप्रीत मिडफिल्ड सोडून बचावात खेळला, आणि प्रत्येकाला स्वतःच्या कामाबरोबर अर्धं दुसऱ्याचं काम करावं लागलं. बाकावरून आलेल्यांना ‘तू फक्त पाय मोकळे कर’ असं सांगण्याची चैनच नव्हती. शेवटचा, जिंकून देणारा पेनल्टी शॉट कोणाचा? राजकुमार पालचा. तोच, २०२३ चा राखीव. गाझीपूर जिल्ह्यातल्या करमपूरचा, पहिलंच ऑलिम्पिक खेळणारा.

दोन दिवसांनी सेमी फायनलला जर्मनी. रोहिदासवर एका सामन्याची बंदी. ऑलिम्पिकच्या संघात १६ च खेळाडू असतात, म्हणून आपण १५ जणांनिशी उतरलो. रोहिदास आपल्याकडे पेनल्टी कॉर्नरवर सगळ्यात आधी धावत सुटतो, फ्लिकरच्या दिशेने, छातीचा कोट करून. हे काम कोणालाही नको असतं, कारण ताशी शंभरच्या वर वेगाने येणाऱ्या चेंडूच्या वाटेत आपणहून जायचं असतं. तो नव्हता. जर्मनीचा पहिला गोल पेनल्टी कॉर्नरवर आला. आपण २-३ हरलो. फक्त रोहिदास नसल्यामुळे हरलो असं मी म्हणणार नाही, आपल्याला मिळालेले पेनल्टी कॉर्नरही आपण भरपूर वाया घालवले. तरी एक खेळाडू कमी असणं म्हणजे काय, ते त्या शेवटच्या क्वार्टरमध्ये आपल्या पोरांच्या पायांत दिसत होतं.

मग स्पेनविरुद्ध २-१, हरमनप्रीतचे दोन, आणि ब्राँझ. १९६८ आणि १९७२ नंतर पहिल्यांदाच सलग दोन ऑलिम्पिकमध्ये पदक.

सोळा जणांच्या गळ्यात पदक पडलं. जुगराज, नीलकांत शर्मा आणि कृष्ण पाठक पॅरिसच्या यादीत राखीव होते. नीलकांतकडे टोकियोचं पदक तरी आहे. पाठक टोकियोलाही राखीव, पॅरिसलाही राखीव, कारण ऑलिम्पिकच्या संघात एकच गोलकीपर घेतला आणि तो श्रीजेश होता. हॉकी इंडियाने पॅरिसनंतर प्रत्येक पदकविजेत्या खेळाडूला १५ लाख जाहीर केले. राज्य सरकारांची बक्षिसं वेगळी. ‘स्क्वॉड डेप्थ’ हा शब्द आपण गेमिंगमधून उचललाय म्हणून आपल्याला तो स्लायडरसारखा वाटतो, ७४ वरून ८० केला की झालं. प्रत्यक्षात त्या डेप्थमधला माणूस चार वर्षं तेवढाच सराव करतो, तेवढीच घरापासून दूर कॅम्पमध्ये राहतो आणि शेवटी फोटोच्या चौकटीबाहेर उभा असतो. त्याने तरीही उद्या बोलावल्यावर पूर्ण ताकदीने यावं, अशी आपली अपेक्षा.

जुगराज आला. पॅरिसनंतर सहा आठवड्यांच्या आत, १७ सप्टेंबर २०२४ ला चीनमधल्या हुलुनबुइरमध्ये एशियन चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल होती. यजमान चीन, ०-० वर सामना अडकलेला. ५१ व्या मिनिटाला हरमनप्रीतने आत घुसून पास दिला आणि जुगराजने गोल केला. १-० आणि ट्रॉफी. गंमत म्हणजे ड्रॅग-फ्लिकर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या बचावपटूचा तो गोल मैदानी होता, पेनल्टी कॉर्नरचा नव्हता. चार महिन्यांनी पुन्हा सुरू झालेल्या हॉकी इंडिया लीगच्या फायनलमध्ये त्याने बंगाल टायगर्सकडून हॅटट्रिक मारली आणि संघ ४-३ ने जिंकला. जुगराज अटारीचा. त्याचे वडील सीमेवर हमाली करायचे आणि तो स्वतः लहानपणी तिथे पाण्याच्या बाटल्या विकायचा. बातम्यांमध्ये हीच गोष्ट मोठी होते, ते ठीक आहे. मला विचाराल तर दोन वेळा राखीव राहून तिसऱ्या वेळी तयार असणं हे तितकंच अवघड आहे, फक्त त्याची रील होत नाही.

युरोपातले सात पराभव आणि राजगीरची एक संध्याकाळ

यावर्षी जूनमध्ये प्रो लीगच्या युरोप दौऱ्यात आपण सलग सात सामने हरलो. ‘कोचला हाकला’ची लाट आली होती, आठवतंय ना? क्रेग फुल्टनने काही चुका केल्या असतीलही. पण त्या सातपैकी सहा पराभव एका गोलाने होते. नेदरलँड्सविरुद्ध तर निर्णायक गोल अगदी शेवटच्या मिनिटांत बसला. याच दौऱ्यात हरमनप्रीतचं बोट दुखावलं आणि तो काही सामने बाहेर बसला.

एका गोलाने, शेवटच्या क्वार्टरमध्ये, पुन्हा पुन्हा. माझ्या मते इथे प्रश्न पहिल्या अकरांच्या कौशल्याचा नव्हता. पन्नासाव्या मिनिटानंतर मैदानात कोण आहे, त्याचे पाय किती ताजे आहेत आणि त्याच्यावर किती भरवसा आहे, याचा होता. सामना चुरशीचा झाला की प्रत्येक कोच नकळत अनुभवी माणसाला जास्त वेळ आत ठेवतो. बाकावरचा ताजा, पण नवा. आतला थकलेला, पण ओळखीचा. ओळखीच्याला निवडलं जातं आणि ५८ व्या मिनिटाला तो अर्धं पाऊल मागे पडतो. बेल्जियम, नेदरलँड्सकडे हा फरक कमी जाणवतो, कारण त्यांचा पंधरावा खेळाडूही क्लब लीगमध्ये दर आठवड्याला असेच सामने खेळत असतो. आपल्याकडे लीग २०१७ नंतर थेट २०२४ च्या डिसेंबरमध्ये परतली. मधली सात वर्षं आपल्या बाराव्या ते अठराव्या खेळाडूला असे सामने मिळालेच नाहीत.

युरोप दौऱ्यानंतर अडीच महिन्यांनी बिहारमधल्या राजगीरला एशिया कप झाला. ७ सप्टेंबरला फायनलमध्ये आपण कोरियाला ४-१ हरवलं आणि विश्वचषकाचं तिकीट काढलं. आठ वर्षांनी एशिया कप! गोल कोणाचे? पहिल्याच मिनिटात सुखजीत, मग दिलप्रीतचे दोन, शेवटी रोहिदास. हरमनप्रीतचा एकही नाही. कॅप्टनचा गोल नसताना आपण फायनल तीन गोलांनी जिंकली, यावर खरं तर स्वतंत्र धागा चालायला हवा होता. दिलप्रीत टोकियोच्या संघात होता, पॅरिसच्या नव्हता. सामनावीर तोच.

त्या संघात दुसरा गोलकीपर होता आपला मुंबईचा सूरज करकेरा. हा पठ्ठ्या २०१७ च्या ढाक्यातल्या एशिया कपमध्येही होता. तेव्हा श्रीजेश जखमी होता आणि आपले दोन्ही गोलकीपर महाराष्ट्राचे होते: यवतमाळचा आकाश चिकटे आणि सूरज. म्हणजे आठ वर्षांच्या अंतराने दोन एशिया कप सूरजच्या नावावर आहेत. मधली सगळी वर्षं आधी श्रीजेशच्या, नंतर पाठकच्या सावलीत. माझ्या वर्गात स्पोर्ट्स जर्नलिझम घेतलेल्या बारा जणांना मी त्याचं नाव विचारलं. दोघांना माहीत होतं. धनराज पिल्ले खडकीचा हे मात्र बाराही जणांना पाठ होतं.

धनराजचं नाव निघालंच आहे म्हणून. चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक खेळलेला माणूस, त्याच्या वेगाच्या गोष्टी आमच्या आई-बाबांच्या पिढीकडून अजून ऐकायला मिळतात. पण त्या चारही ऑलिम्पिकमधून भारत पदकाविना परतला. एक असामान्य खेळाडू आणि चार रिकामे दौरे. त्याची कारणं बरीच होती, सगळी बाकावर ढकलण्यात अर्थ नाही. फक्त एका नावाभोवती फॅन म्हणून उभं राहायची आपली सवय तेव्हापासूनची आहे, असं मला वाटतं.

बी टीमवाल्यांचंही ऐकू

आता इपोहकडे परत. ‘बी टीम पाठवलीच कशाला’ म्हणणाऱ्यांकडे एक मुद्दा आहे आणि तो मी टाळणार नाही. त्या स्पर्धेत आपण कॅनडाला १४-३ ने धुतलं, जुगराजचे चार गोल. एशिया कपमध्ये कझाकस्तानला १५-०, तिथेही त्याची हॅटट्रिक. हे आकडे पाहून ‘आपली डेप्थ बघा’ म्हणणं म्हणजे युनिट टेस्टचे मार्क दाखवून युपीएससीच्या गप्पा मारणं. खरी परीक्षा बेल्जियमची होती. साखळीत त्यांच्याकडून २-३, फायनलला ०-१. फायनलला एकही गोल नाही. मलेशिया (४-३) आणि न्यूझीलंडला (३-२) हरवलं हे खरं, पण तिथेही एका गोलानेच.

म्हणजे बाकावर माणसं आहेत. बेल्जियमचा बचाव फोडायची वेळ आली की त्यांच्यापैकी कोणी पुढे येतो का, याचं उत्तर अजून ‘कधीकधी’ एवढंच आहे.

पण यावरून ‘मग नेहमीचेच पाठवा’ हा निष्कर्ष निघत नाही. उलट बेल्जियमविरुद्ध नऊ महिने आधी, ट्रॉफीपेक्षा जास्त काही पणाला नसताना हरणं परवडतं. संजयने कॅप्टन म्हणून फायनल हरण्याचा अनुभव नोव्हेंबरमध्ये घेतलेला बरा की ऑगस्टमध्ये? २०२३ ला हार्दिक पडला तेव्हा त्याच्या जागी येणाऱ्याला असे किती सामने आधी मिळाले होते, हा प्रश्न आपण तेव्हा विचारला नाही, म्हणून आता विचारूया.

माझी तक्रार वेगळी आहे. इपोहला पाठवलेल्यांना वेळ मिळाला, पण काम ठरवून दिलं होतं का, ते बाहेर बसून कळत नाही. फक्त मिनिटं देणं आणि भूमिका देणं यात फरक आहे. ‘हरमनप्रीत बाहेर असेल तेव्हा पहिली फ्लिक तुझी, आणि चुकलास तरी पुढचीही तुझीच’ हे जुगराजला माहीत असेल तर तो वेगळा मारेल. ‘बघू, संजय आहे, रोहिदासही आहे’ असं असेल तर तिघंही एकमेकांकडे बघतील. गोलकीपरचंही तेच. श्रीजेश निवृत्त झाल्यानंतर पाठक आणि करकेरा क्वार्टर वाटून घेऊन खेळले, मग इपोहला पवन आणि मोहित. चौघांना बघून घेणं चांगलं. पण शूटआउटला कोण उभा राहणार, हे विश्वचषकाच्या कितीतरी आधी त्या चौघांनाही आणि बचावफळीलाही माहीत असावं. ओडिशातली ती सडन डेथ पुन्हा बघायची ताकद माझ्यात तरी नाही.

ज्युनियर्सचाही यात विचार करावा लागेल. याच महिन्यात चेन्नईला ज्युनियर विश्वचषकात श्रीजेशच्या पोरांनी ब्राँझ मिळवलं. सेमी फायनलला जर्मनीने १-५ ने लोळवलं, आणि मग अर्जेंटिनाविरुद्ध ०-२ ने मागे असताना शेवटच्या अकरा मिनिटांत चार गोल. पहिला निकाल बघून कोणी म्हणेल ही पोरं अजून कच्ची आहेत, दुसरा बघून म्हणेल उद्याच सीनियर संघात घ्या. दोन्ही सामने दोन-तीन दिवसांच्या अंतराने, त्याच पोरांचे. यातले दोघं-तिघं येत्या वर्षात बाराव्या ते अठराव्या जागेसाठी धडक देणार हे नक्की. त्यांना आत आणायचं तर कोणाला तरी बाहेर बसावं लागेल, आणि तो कोणीतरी कदाचित पॅरिसचा पदकविजेता असेल. तेव्हा आपण काय पोस्ट टाकणार आहोत? ‘नव्यांना संधी द्या’ आणि ‘लेजंडचा अपमान’ हे दोन्ही हॅशटॅग एकाच फोनवरून गेलेले मी पाहिलेत.

जानेवारीत हॉकी इंडिया लीग पुन्हा सुरू होतेय. महाराष्ट्राचा संघ नाही त्यात, दबंग मुंबई होता तो जुन्या लीगमध्ये, त्याचं दुःख वेगळ्या लेखात. पण सामने बघणार असाल तर एक काम करा. चौथ्या क्वार्टरमध्ये, एका गोलाचा फरक असताना पेनल्टी कॉर्नर मिळाला की फ्लिक मारणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. चेंडू आत ढकलणारा कोण, थांबवणारा कोण, आणि समोरून पहिला धावत सुटणारा कोण, तेही. आमच्या ग्रुपवर अशी वही करायचं ठरलंय. जुगराजचं पान मी घेतलंय. सूरज करकेराचं पान अजून कोणी घेतलेलं नाही.